थांबण्याची खूण

पंखा बंद करू नका, राहू द्या. खडखडतो, ते मलाही ऐकू येतं. पण हल्ली मला घरात कसला ना कसला आवाज लागतोच. दिव्याजवळ सरका, म्हणजे शेवटी मी जे दाखवणार आहे ते नीट दिसेल.

गेल्या वर्षीची, अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यातली गोष्ट. मी सायकल काढून नेहरू नगरला फ्लॉपी आणायला गेलो होतो. कोचिंग क्लासच्या जिन्याखाली ओमप्रकाशचं कम्प्युटरचं दुकान आहे. त्यानं माझ्या पांढऱ्या डोक्याकडे पाहिलं आणि विचारलं, "अंकल, किसके लिए?" मी म्हटलं, "मेरे लिए." तो गालातल्या गालात हसला. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसानं फ्लॉपी मागणं त्याला पतंग मागितल्यासारखं वाटलं असावं. मी दोन घेतल्या. दोनच, हे लक्षात ठेवा.

हे हुडको वसाहतीतलं भाड्याचं घर नंतरचं. तेव्हा मी भिलाईच्या प्लांटच्या, सेक्टर २ मधल्या क्वार्टरमध्ये होतो. जानेवारीत निवृत्त झालो होतो आणि जूनअखेर क्वार्टर सोडायचं होतं. रमा, माझी बायको, त्याआधी दोन वर्षं दम्यानं गेली होती. एकुलती एक मुलगी तारा पुण्याला कम्प्युटर कंपनीत. घरात मी एकटा. सकाळी दूधवाल्याशी दोन वाक्यं बोलायचो, ती दिवसभर पुरायची. आपला आवाज ठीक आहे ना हे बघायला कधीकधी मी कॅलेंडरवरच्या तारखा मोठ्यानं वाचत असे. हसू नका, एकटं राहून बघा.

तारानं दिवाळीत जुना कम्प्युटर आणून बसवला होता. त्यात गाणं लिहायचा एक प्रोग्राम घातला होता. पडद्यावर पाच पाच रेघांची ओळ, तिच्यावर माउसनं एकेक सूर ठेवायचा, बटण दाबलं की यंत्र वाजवून दाखवणार. कुठला सूर कुठल्या रेघेवर, याचा तक्ता तारानं हातानं करून भिंतीला चिकटवला होता. "आईच्या वहीतले गाने याच्यात उतरवा बाबा," ती म्हणाली होती, "तुमचा टाइम भी जाईल." मी सहा महिने त्याला हात लावला नाही. पेटीवर दोन बोटं फिरवण्यापलीकडे माझी मजल नव्हती. गाणारी रमा.

रमा विहारातल्या महिला मंडळात गायची. स्वतः चाली बांधायची. माझी मात्र तिला एकच दाद होती. ती रियाजाला बसली आणि टीव्हीवर बातम्या लागल्या, की मी म्हणायचो, "थांब ना जरा." ती थांबायची. सत्तावीस वर्षांच्या संसारात हे मी किती वेळा म्हटलं, ते आता मोजत बसतो.

शेवटच्या वर्षी तिनं ताराच्या लग्नासाठी गाणं बांधलं. आपण लग्नापर्यंत टिकत नाही, हे तिला कळलं होतं. सासरी निघालेल्या पोरीला आई म्हणते, 'थांब वं पोरी, उंबऱ्यात थांब, दिवा अजून जळून राहिला.' तुटक दमानं का होईना, ते तिनं एका कॅसेटवर गाऊन ठेवलं. तिच्या आवाजाची घरात तेवढी एकच खूण.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात ताराचा फोन आला. जूनमध्ये नागपूरला तिचं लग्न होतं, आधी ती भिलाईला येणार होती.

"बाबा, मी संडेले येऊन राहिली. आईवाली कॅसेट निकालून ठेवजा हं. लग्नात तेच वाजवाचं हाये. अजून एक बार भी आयकलं नाही मी. रोना आयेगा म्हणून."

मी कॅसेट काढली, लावली. आधी खरखर, मग टाळ्या, मग आमच्या फोरमनचा आवाज: 'देवानंदजी जैसा कर्मठ आदमी…' माझा निरोप समारंभ! जानेवारीत मी घाईघाईत कपाटातली चिठ्ठी नसलेली एक कॅसेट उचलून नेली होती. ती ही. दुसरी बाजू लावली. तिथेही मीच, हारतुरे स्वीकारतोय. बायकोचा आवाज मी माझ्या सत्कारानं पुसून टाकला होता. त्या दिवशी मी जेवलो नाही.

तारासमोर हे कसं बोलायचं? आई गेली तेव्हा ती परीक्षेला होती, शेवटची भेटही झाली नव्हती. तिच्यासाठी आईचं म्हणून ते एवढंच उरलं होतं. मग मला वही आठवली. आवाज गेला, पण चाल वहीत होती. यंत्रावर का होईना, चाल तरी पोरीच्या कानावर घालू, आणि मग पाया पडून खरं सांगू, असं मी ठरवलं. फ्लॉपी त्यासाठी.

गुरुवारी दुपारी कामाला बसलो. मेची दुपार म्हणजे सेक्टरमध्ये चिटपाखरू नसतं. खिडकीत कूलर घरघरत होता, खसचा, वाळ्याचा ओला वास येत होता. वहीत रमाचं टपोरं अक्षर. सुरांची ओळ, खाली शब्दांची ओळ. शब्दांची अशी:

थां - - ब वं पो - री

आठ मात्रा. सूर मी तक्त्यावरून ठेवत गेलो. राहिल्या त्या रेघा. आता ऐका, माझी चूक कशी झाली. प्लांटमध्ये एकतीस वर्षं मी लॉगशीट भरली. दर तासाला मीटर बघायचा आणि रकान्यात आकडा लिहायचा. मशीन बंद असेल त्या तासाला रेघ. रेघ म्हणजे त्या वेळी इथे काही नव्हतं. हे माझ्या हाडात मुरलेलं. प्रोग्राममध्येही थांबण्याच्या खुणा होत्याच. दोन उभ्या रेघांमधला पूर्ण रकाना गप्प राहायचं तर रेघेखाली टांगलेली काळी वीट, एक मात्रा गप्प राहायचं तर हुकासारखा वाकडातिकडा आकडा. मी रमाच्या प्रत्येक रेघेच्या जागी तो वाकडा आकडा ठेवला. चोख काम. एकही रकाना चुकवला नाही.

वाजवायच्या आधी कूलर बंद केला, कारण यंत्राचा आवाज बारीक. बटण दाबलं. टिंग… मग दोन मात्रा गप्प. टिंग, टिंग, टिंग… एक मात्रा गप्प. टिंग. शेवटचा सूर वाजताच मी बटण दाबून बंद केलं. शाळेच्या घंटेला चाल लावल्यासारखं वाटत होतं. मनात म्हटलं, रमा हे ऐकती तर हसून हसून खोकली असती.

पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. तेव्हा जाणवलं की त्या गप्प जागा गप्प नाहीत.

पहिल्या टिंगनंतरच्या दोन मात्रांत कुणीतरी 'आ' लावला होता. यंत्रातून नाही. पेटीजवळून, जिथे ती बसायची तिथून. सूर वाजला की तो लपायचा, खूण आली की पुन्हा वर यायचा. मी मान वळवली नाही. खोलीत ओव्याच्या वाफाऱ्याचा वास आला. रमा शेवटी रोज घ्यायची, तो.

भीती वाटली का? खरं सांगू? नाही वाटली. डोळ्यांतून पाणी आलं, पण ते सुखाचं होतं. दोन वर्षांनी घरात माझ्याशिवाय कुणीतरी होतं. गाणं संपलं आणि मला सायकलवर चढ चढल्यासारखी धाप लागली. वयाकडे बोट दाखवून मी पुन्हा बटण दाबलं. त्या दुपारी किती वेळा, ते लॉगशीटवाल्या माणसालाही सांगता येणार नाही.

शुक्रवारी चारच्या सुमारास सिंधुताई आल्या. शेजारच्या लाइनीत राहायच्या, मंडळात रमाबरोबर गायच्या. अंबाडीची भाजी घेऊन आल्या होत्या.

"जयभीम भाऊ. दरवाजा कावून लावून घेतला? अन कूलर बंद? उकडून मराल ना."

मी त्यांना काम दाखवलं, गाणं मात्र वाजवलं नाही. का कोण जाणे, ते कुणाला द्यावंसं वाटेना. त्यांनी वही पाहिली, पडदा पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"अवो भाऊ, ह्या रेघाईच्या जागी काय लावून राहिले तुमी?"

"थांबायची खूण."

"थांबाची?" त्या हसल्या. "रेघ म्हंजे थांबनं नाही जी. रेघ म्हंजे सूर सोडाचाच नाही. 'थां' म्हटलं का दोन मात्रा आवाज तसाच चालू ठेवाचा. तुमी तर सारा सूर कापून टाकला."

मीही हसलो. सत्तावीस वर्षं घरात गाणं आणि मला रेघ कळली नव्हती. माझं नाव देवानंद आणि कान दगडाचे.

सिंधुताईंनी वही मिटली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "रमाताईले तेच तर जमे ना शेवटी. दम पुरत नव्हता. रेघ आली का सूर तुटे. मंग रडे… मले म्हने, सिंधू, कोनाचा तरी दम उसना भेटला असता तर पोरीसाठी एक डाव पुरं गायली असती." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "भाऊ, तुमाले कावून एवढी धाप लागून राहिली? बसल्या बसल्या?"

"काल सायकल चालवली," मी म्हटलं.

त्या गेल्यावर मी चूक दुरुस्त केली. खुणा काढल्या, सूर लांबवले. वाजवलं. आता चाल खरी चाल वाटली, गोड वाटली. आणि खोलीत कुणीही नव्हतं. तीनदा लावलं, फक्त यंत्र वाजत राहिलं. ओव्याचा वास गेला. भिंतीवरची पाल तेवढी चुकचुकली. इतकं एकटं मला ती गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं, कारण त्या दिवशी घरात माणसं होती. मी दहा मिनिटं कळ काढली असेल. मग मुकाट्यानं एकेक खूण परत लावली.

शनिवारी सकाळी सातपासून दार लावून बसलो. चहासुद्धा केला नाही. रमाचा सूर आता तुटत नव्हता. सरळ, भरलेला. जिवंतपणी तिला असा कधी लागला नव्हता, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. मी म्हणत होतो, "गा रमा, गा. आता नाही थांबवत तुले…"

पुढचं आठवतं ते प्लांटच्या दोनच्या भोंग्यापासून. मी फरशीवर पडलो होतो, गाल लादीला टेकलेला. नखं निळी पडली होती. रमाची अशी निळी नखं मी दवाखान्यात पाहिली होती. छातीत हवा शिरेना, मग एकदम शिरली आणि मी गुरासारखा ओरडलो.

पडल्या पडल्या सगळं समजलं. मेलेल्या माणसाला सूर असेल, दम कुठला? खूण आली की ती गात होती आणि तेवढा वेळ मी श्वास घेत नव्हतो. उसना दम तिला मिळाला होता.

तरीही, खरं सांगतो, मी एकटा असतो तर खुणा ठेवल्या असत्या. पण दुसऱ्या दिवशी तारा येणार होती आणि ते गाणं ताराचं होतं. मी एकेक खूण पुसली. शब्दागणिक वही लावून तपासली, दोनदा. 'थां' पासून शेवटच्या 'राहिला' पर्यंत एकही थांबण्याची खूण उरली नाही. "माफ कर," मी पेटीकडे बघून म्हटलं, आणि मशीन बंद केलं.

रविवारी तारा आली. दुपारी जेवण झालं. कॅसेटचं सांगायला मी तीनदा तोंड उघडलं, तीनदा "भाजी घे" म्हटलं. शेवटी म्हटलं, "कम्प्युटरवर आईची चाल लावून ठेवली आहे. ती आधी ऐक, मग मला काही सांगायचंय."

"बाबा! तुम्ही खुद केलं?" ती उड्या मारतच आत गेली. मी चहा ठेवला. तिनं कूलर बंद केल्याचं कळलं. गाणं सुरू झालं. स्वच्छ, लांबवलेले सूर, कुठे खंड नाही. मी चहाला उकळी येईपर्यंत ऐकत उभा राहिलो. गाणं संपलं.

तारा काही बोलली नाही. रडत असेल, म्हटलं. रडू दे. मी चहा गाळला. आतून हुंदका नाही, खुर्ची सरकल्याचा आवाज नाही.

आणि ओव्याचा वास आला.

मी दारात गेलो. तारा यंत्रासमोर ताठ बसली होती, तोंड अर्धवट उघडं, चेहऱ्यावर हसू. पडद्यावर गाणं संपलेलं होतं, पण ती सरकती उभी रेघ थांबली नव्हती. ती पुढे चालली होती, रिकाम्या रकान्यांतून. आणि त्या प्रत्येक रिकाम्या रकान्यात एक काळी वीट टांगलेली होती. मी लावलेली नव्हे. नवीन पान घेतलं की हे यंत्र पुढचे रकाने आपणच आखून ठेवतं आणि रिकाम्या रकान्यांत गप्प राहायची खूण आपणच भरतं. मी दर वेळी शेवटच्या सुराला बटण दाबायचो, म्हणून माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. तारानं दाबलं नव्हतं. पुढे पूर्ण दोन पानं नुसत्या विटा.

आणि त्यात रमा गात होती. अखंड. पोरीसाठी, एकदा, पुरं.

"तारा," मी म्हटलं, "श्वास घे…"

तिच्या ओठांचा रंग बदलत होता. हसू तसंच. माझ्या हातातला कप पडला. सूर इतका सुंदर होता, की माझा पाय क्षणभर उचलेना. मग मी ओरडलो, जे आयुष्यभर तिला ओरडत आलो तेच.

"थांब, रमा! थांब!"

आणि भिंतीतली पिन उपसली.

तारानं घसा फाटेल असा श्वास घेतला, दोन-तीनदा. मग डोळे पुसत माझ्याकडे वळली. "बाबा… आईनं किती लंबा सूर लावला. इतकी अच्छी कॅसेट हाये अन तुम्ही म्हणत होते कम्प्युटर." मी खाली पडलेला कप उचलला. "काय सांगाचं होतं तुमाले?"

"काही नाही," मी म्हटलं. "चहा सांडला."

त्या संध्याकाळी, ती सिंधुताईंकडे गेली असताना, मी ती फाइल पुसली. कॅसेट मशीनमध्ये अडकून तुटली, असं तिला सांगितलं. ती खूप रडली. लग्नात सिंधुताई आणि मंडळातल्या बायांनी गाणं म्हटलं, रेघांसकट, नीट दम घेऊन. लग्न छान झालं. क्वार्टर सोडताना सामान बांधलं तेव्हा कम्प्युटर ओमप्रकाशला देऊन टाकला. त्याच वेळी टेबलाच्या खणात फ्लॉपी सापडली. एक. दोन आणल्या होत्या.

फोनवर ताराला विचारलं, तर ती म्हणाली, "हो, पिन परत लावून मी कॉपी करून घेतली होती ना, त्याच दिवशी, तुम्ही फरशी पुसत होते तेव्हा. आईचं गाणं हाये बाबा. असू द्या माझ्यापाशी." मी म्हटलं, लावू नको. ती हसली. मी म्हटलं, तारा, शपथ आहे. तिकडून बराच वेळ काही आलं नाही. मी तिला पुन्हा पुन्हा हाका मारत राहिलो. मग ती म्हणाली, "बोला ना बाबा, मी इथंच तर हाये."

त्यानंतर ती फोन करत नाही. पत्रं येतात. हे परवाचं, घ्या, दिव्याखाली धरा. लिहिते की हल्ली जिना चढताना दम लागतो, डॉक्टर म्हणतात रक्त कमी आहे. लिहिते की जावई दिवसभर कामावर असतात, पण घरात अजिबात एकटं वाटत नाही. अक्षर तिचंच आहे. आता सुरुवात बघा. अशा रेघा टाकायची सवय तिला लहानपणापासून कधीही नव्हती.

बा - - बा मी ब - री

मोजा हवं तर. मी मोजल्यात, आठ भरतात.